मूसीचा महापूर (१९०८) : एक नदी, तळ्यांची साखळी आणि हैदराबाद शहर

प्रस्तावना

हैदराबादच्या जुन्या पिढीत एखाद्या माणसाचे वय विचारले की "तुघयानीच्या आधीचा की नंतरचा?" असा हिशोब मांडण्याची रीत होती. तुघयानी म्हणजे महापूर. हा पूर २८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसी नदीला आला. हिजरी सन १३२६ होते आणि रमजान महिन्याला नुकताच आरंभ झाला होता. एका दिवसात शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली आणि शहराच्या लोकसंख्येपैकी साधारण पाव हिस्सा बेघर झाला, असे सांगितले जाते.

शालेय भूगोलात नैसर्गिक आपत्तींचा अभ्यास करताना परदेशांतील नद्यांची उदाहरणे अनेकदा दिली जातात. ती उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु दख्खनच्या पठारावरील एखादी लहानशी हंगामी नदी एवढा संहार कशी करू शकते, त्या संहारात निसर्गाचा वाटा किती व माणसाचा किती, आणि पुढील पिढ्यांनी त्यावर कोणता उपाय केला, हे समजण्यासाठी मूसीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात या पुराची भौगोलिक पार्श्वभूमी, प्रत्यक्ष घटना, त्याची कारणमीमांसा आणि नंतरचा शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास यांचा आढावा घेतला आहे.

नदी आणि तिचे खोरे

मूसी ही कृष्णेची उपनदी होय. हैदराबादच्या पश्चिमेस विकाराबादजवळील अनंतगिरीच्या टेकड्यांत तिचा उगम होतो. पूर्वेकडे वाहत ती शहराच्या मधोमध जाते आणि पुढे नलगोंडा भागात वाडपल्ली येथे कृष्णेला मिळते. तिची एकूण लांबी सुमारे २४० किलोमीटर आहे. फारसी व उर्दू लेखनात तिला 'रूद-ए-मूसा' म्हटले जाते, तर संस्कृत परंपरेत 'मुचकुंदा' हे नाव आढळते. शहराच्या थोडे वर, लंगर हौजजवळ, तिला ईसी नावाची दुसरी नदी मिळते. हजरत मूसा (अ.) आणि हजरत ईसा (अ.) या दोन पैगंबरांच्या नावांशी या नद्यांची नावे जोडण्याची लोकांना आवड आहे. नावांचे मूळ काहीही असो, दोन नद्यांचा संगम शहराच्या उंबरठ्यावर होतो ही गोष्ट भूगोलाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

त्याचे कारण असे. एखाद्या नदीला तिच्या उपनद्या निरनिराळ्या अंतरांवर मिळत असतील, तर प्रत्येकीचा पूर वेगवेगळ्या वेळी मुख्य पात्रात उतरतो आणि पुराचा जोर विभागला जातो. येथे मात्र दोन मोठी खोरी शेजारीशेजारी आहेत आणि त्यांचे पाणी शहराच्या अगदी वरच्या अंगाला एकत्र येते. दोन्ही खोऱ्यांत एकाच वेळी मुसळधार पाऊस झाला, तर दोन्ही पूर शहरात जवळजवळ एकदमच पोहोचण्याचा धोका असतो.

दुसरे कारण जमिनीचे आहे. हैदराबादच्या परिसरात ग्रॅनाइटचा अतिप्राचीन खडक आहे. एकावर एक रचल्यासारखे दिसणारे गोलसर दगड आणि उघडे खडकाळ माळ हे या प्रदेशाचे खास दृश्य होय. खडकावर मातीचा थर पातळ, तोही बहुतेक लाल आणि भरड. अशा जमिनीत थोडा पाऊस मुरतो. परंतु माती एकदा भिजून तृप्त झाली की पुढचा सर्व पाऊस उतारावरून धावत सुटतो. महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असलेल्या बेसाल्टच्या काळ्या जमिनीहून ही स्थिती वेगळी आहे.

तिसरे कारण ऋतूचे. सप्टेंबरच्या अखेरीस नैर्ऋत्य मान्सून परतीच्या वाटेवर असतो आणि बंगालच्या उपसागरात निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे पठारावर आत सरकू शकतात. तोपर्यंत जमीन भिजलेली असते, ओढे वाहते असतात आणि तलाव काठोकाठ भरलेले असतात. म्हणजे जेव्हा पाणी साठवायला जागा सर्वांत कमी उरते, नेमक्या त्याच वेळी सर्वांत मोठा पाऊस येण्याची शक्यता असते.

तळ्यांची साखळी

तेलंगणातील बहुतेक नद्या बारमाही नाहीत. म्हणून तेथील राज्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी शतकानुशतके तलाव बांधले. काकतीय राजांच्या काळातील पाखाल व रामप्पा हे तलाव तेराव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत. कुतुबशाही काळात इब्राहीम कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५६२ च्या सुमारास, हुसेन सागर बांधला गेला. त्या कामाची जबाबदारी हजरत हुसेन शाह वली यांच्याकडे होती आणि तलावाला त्यांचेच नाव मिळाले. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने हैदराबाद वसविले, त्याआधीच १५७८ मध्ये मूसीवर 'पुराना पूल' उभा राहिला होता.

या प्रदेशातील लहान तलावांची रचना साखळीसारखी असते. उंचावरच्या तलावाचे जादा पाणी सांडव्यावरून ओढ्यात पडते व खालच्या तलावात जाते, तेथून पुढच्या. पावसाचा प्रत्येक थेंब अनेकदा थांबत थांबत नदीपर्यंत पोहोचावा, अशी ही योजना. तेलुगू भाषेत मोठ्या तलावाला 'चेरुवु' आणि लहानाला 'कुंटा' म्हणतात. शहरातील अनेक मोहल्ल्यांच्या नावांत हे शब्द आजही शिल्लक आहेत, जरी त्यातील पाणी नाहीसे झाले असले तरी.

ही व्यवस्था दगडमातीवर जितकी अवलंबून होती, तितकीच माणसांवरही होती. तलावाची पाळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासावी लागते. उंदीर-घुशींची बिळे बुजवावी लागतात, सांडव्यापुढील झाडोरा काढावा लागतो, गाळ उपसावा लागतो. ज्यांनी तलाव बांधले वा दुरुस्त राखले, त्यांना त्याबद्दल जमिनी इनाम देण्याची पद्धत होती. गावात पाणी सोडण्यासाठी व पाळीवर नजर ठेवण्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असे. अशी देखरेख सैल झाली की तलाव लगेच फुटतो असे नाही. तो अनेक वर्षे नीट उभा असल्यासारखा दिसतो आणि एखाद्या असाधारण पावसात त्याचा कमकुवतपणा उघड होतो.

साखळीचा गुण हाच तिचा दोषही आहे. वरचा एक तलाव फुटला तर त्याचे सर्व पाणी एकदम खालच्या तलावावर येऊन आदळते. खालच्या तलावाचा सांडवा नेहमीच्या पाण्यासाठी बांधलेला असतो. फुटलेल्या तलावाचा लोंढा त्याला पेलत नाही. मग पाणी पाळीवरून वाहू लागते, मातीची पाळ कापली जाते आणि दुसरा तलावही फुटतो. पुणेकरांनी १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर खडकवासल्याचे काय झाले ते पाहिले आहे. मूसीच्या खोऱ्यात १९०८ मध्ये हीच गोष्ट लहान प्रमाणावर, परंतु शेकडो ठिकाणी घडली.

२८ सप्टेंबर १९०८

पुरापूर्वीचे हैदराबाद नदीच्या अगदी कुशीत बसलेले होते. दक्षिण काठावर तटबंदीचे जुने शहर, उत्तर काठावर अफझलगंज, बेगम बाजार आणि पुढे रेसिडेन्सीचा परिसर. नदी वर्षातील बराच काळ रोडावलेली असे. त्यामुळे पात्राच्या कडेला आणि काही ठिकाणी पात्रातही घरे, झोपड्या, गोदामे व बागा सरकत गेल्या होत्या. कोलसावाडी, घांसी बाजार यांसारख्या सखल वस्त्यांत गरिबांची दाटी होती. मूसीचे पूर लोकांना नवीन नव्हते. पुराने हानी झालेल्या पुराना पुलाची दुरुस्ती १८२० च्या सुमारास सिकंदर जाह यांच्या काळात करावी लागली होती. परंतु एका पुराची आठवण पुढच्या पुरापर्यंत टिकत नाही, हा अनुभव येथेही आला.

२६ सप्टेंबरपासून पाऊस सुरू झाला व २७ तारखेला त्याने जोर धरला. विश्वेश्वरय्या यांनी नंतर दिलेल्या नोंदींनुसार शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच (सुमारे ३२५ मिलिमीटर) आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच (सुमारे ४८० मिलिमीटर) पाऊस पडला. हैदराबादचे वार्षिक पर्जन्यमान साधारण ८०० मिलिमीटर धरले, तर वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाऊस दोन दिवसांत कोसळला असा याचा अर्थ होतो.

रात्रीच वरच्या खोऱ्यातील तलाव फुटू लागले. २८ तारखेच्या पहाटे शहर जागे झाले तेव्हा नदी काठ ओलांडून वस्तीत शिरली होती. लोकांनी प्रथम घरांच्या माळ्यांवर, नंतर छपरांवर आश्रय घेतला. मातीच्या भिंतींची घरे पाण्यात विरघळल्याप्रमाणे बसली आणि त्यांबरोबर छपरावरची माणसेही गेली. पेटला बुर्जावर चढून बसलेल्या लोकांचाही तट ढासळून अंत झाला. कोलसावाडीत झालेली प्राणहानी सर्वांत भयंकर होती. अफझल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल या तिघांचीही दाणादाण उडून दोन्ही काठांचा संपर्क तुटला. सर्वांत जुना, कुतुबशाहीतील पुराना पूल मात्र उभा राहिला.

नदीकाठचे अफझलगंजचे सरकारी रुग्णालयही पाण्याखाली गेले. त्याच्या आवारातील चिंचेच्या एका विशाल झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचविला, अशी नोंद आहे. हे झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या परिसरात उभे असून दरवर्षी २८ सप्टेंबरला काही नागरिक तेथे जमून पुराची आठवण जागवतात. दुपारनंतर पाणी ओसरू लागले. मागे राहिला तो चिखल, पडलेल्या घरांचे ढीग आणि आप्तांचा शोध घेणारे लोक.

शोक, दुआ आणि मदत

या पुरातील दुःखाचा सर्वांत परिचित साक्षीदार म्हणजे उर्दूचे रुबाईकार अमजद हैदराबादी (मृत्यू १९६१). त्यांची आई, पत्नी व मुलगी पुरात वाहून गेली. कुटुंबात ते एकटेच वाचले. या प्रसंगावर त्यांनी 'कयामत-ए-सुगरा' म्हणजे 'लहान कयामत' ही नज्म लिहिली. शहरातील सामान्य माणसाला त्या दिवशी जे दिसले, त्याला याहून योग्य नाव क्वचितच देता आले असते.

त्या वेळी गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते आणि महाराजा किशन पर्शाद हे मदारुलमहाम, म्हणजे संस्थानाचे मुख्य मंत्री होते. निजामांनी आपल्या हवेल्या निराश्रितांसाठी खुल्या केल्या. ठिकठिकाणी लंगर, म्हणजे मोफत अन्नछत्रे उघडली गेली. रमजान असल्याने इफ्तार आणि सेहरीच्या वेळी हजारो लोकांच्या जेवणाची सोय करावी लागली. अन्नछत्रांत मुसलमान व हिंदू दोघांचीही व्यवस्था होती. निजामांनी नदीकाठी जाऊन हिंदू रीतीने मूसीची पूजा केली व त्यानंतर पाणी उतरले, अशी आख्यायिका शहरात पुढे सांगितली जात राहिली. तिची ऐतिहासिक सत्यता वेगळी तपासावी लागेल. परंतु संकटाच्या वेळी राजा सर्व प्रजेचा होता, ही लोकभावना तीतून व्यक्त होते.

पुरात मेलेल्यांसाठी मशिदींतून दुआ झाल्या, मंदिरांतून प्रार्थना झाल्या. हा ईश्वरी कोप होता असे मानणारे पुष्कळ होते. मात्र संस्थानाने एवढ्यावरच समाधान मानले नाही. तकदीर मान्य करूनही तदबीर सोडू नये, ही दख्खनी मुसलमानांची जुनी शिकवण आहे. कुरआनमधील सूरह सबामध्येही बांध फुटून आलेल्या पुराचा आणि त्यामुळे उजाड झालेल्या बागांचा उल्लेख आहे. यमनमधील मआरिबच्या प्राचीन धरणाशी त्याचा संबंध जोडला जातो. अशा घटनेकडे इबरत, म्हणजे बोध म्हणून पाहावे, हा त्यामागील अभिप्राय होय. बोध घ्यायचा तर कारण शोधले पाहिजे. निजाम सरकारने ते काम एका अभियंत्यावर सोपविले.

कारणमीमांसा : विश्वेश्वरय्या यांचा अहवाल

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाले होते. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी नाशिक, धुळे, पुणे आदी ठिकाणी काम केले. खडकवासला येथे बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले होते. १९०८ मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडून ते परदेश प्रवासाला गेले असता इटलीत त्यांना निजाम सरकारचे बोलावणे मिळाले. एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादेत दाखल झाले. शहराची पुनर्रचना, पुरापासून संरक्षण आणि सांडपाण्याची व्यवस्था अशी तीन कामे त्यांच्यापुढे होती.

विश्वेश्वरय्या यांनी सुरुवात मोजणीपासून केली. शहराच्या वरच्या अंगाला मूसीचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैल (सुमारे २,२३० चौरस किलोमीटर) भरले. त्यात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलास एक. यांपैकी २२१ तलाव त्या पावसात फुटले होते. पुराचा कमाल विसर्ग त्यांनी सेकंदाला ४,२५,००० घनफूट एवढा काढला.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पाऊस असामान्य होता, हे खरे. परंतु शहरावर जो लोंढा आला तो केवळ आकाशातून पडलेल्या पाण्याचा नव्हता. आधीपासून साठवलेले पाणीही फुटलेल्या तलावांतून त्याच्याबरोबर सुटले होते. ज्या तलावांनी पूर थोपवायचा, त्यांनीच पुरात भर घातली. आणि हे पाणी ज्या ठिकाणी आले, तेथे नदीच्या हक्काच्या जागेत माणसे राहत होती. पाऊस ही निसर्गाची घटना. तिचे आपत्तीत रूपांतर होण्यास तलावांची अवस्था आणि वस्तीची जागा या दोन मानवी गोष्टी कारणीभूत ठरल्या.

विश्वेश्वरय्या यांनी सुचविलेला उपायही या निदानाला धरून होता. शहरात उंच भिंती बांधून नदीला कोंडण्यापेक्षा शहराच्या वरच पूर अडवावा, असे त्यांचे मत होते. त्यासाठी मूसीवर आणि ईसीवर, संगमाच्या आधी, एकेक मोठा जलाशय बांधावा; पुराचे शिखर या जलाशयांत शोषून घ्यावे आणि शहराला पेलेल एवढेच पाणी हळूहळू खाली सोडावे. त्याच्या जोडीला शहरातील काठ उंच करून बांधावेत, नदीकाठी रस्ते व उद्याने करावीत, दाट वस्त्या मोकळ्या कराव्यात, असे त्यांनी सुचविले. १९०९ च्या अखेरीस मैसूरचे मुख्य अभियंता म्हणून ते निघून गेले, पण आराखडा मागे राहिला.

दोन जलाशय आणि नवे शहर

१९११ मध्ये मीर महबूब अली खान यांचे निधन झाले व मीर उस्मान अली खान गादीवर आले. १९१२ मध्ये नगर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले. मूसीवरील जलाशयाचे काम १९१३ मध्ये सुरू होऊन १९२० मध्ये पूर्ण झाले. गंडीपेट गावाजवळील या जलाशयाला 'उस्मान सागर' हे नाव मिळाले. लोक त्याला आजही गंडीपेटच म्हणतात. ईसीवरील दुसरा जलाशय १९२७ मध्ये पूर्ण झाला. निजामांचे थोरले पुत्र हिमायत अली खान यांच्यावरून तो 'हिमायत सागर' झाला.

या कामांच्या संदर्भात नवाब अली नवाज जंग (१८७७–१९४९) यांचे स्मरण केले पाहिजे. मूळ नाव मीर अहमद अली. इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे शिकून आलेले हे हैदराबादी अभियंते पुढे संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. दोन्ही सागरांशी त्यांचे नाव जोडलेले आहेच. शिवाय मांजरा नदीवरील निजामसागर (१९२३–१९३१) ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी. मांजरा ही मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात उगम पावून पुढे तेलंगणात जाणारी नदी. तेव्हा ती उगमापासून संगमापर्यंत बहुतांशी एकाच संस्थानातून वाहत होती. तेलंगणात ११ जुलै हा त्यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून पाळला जातो. एकीकडे विश्वेश्वरय्या व दुसरीकडे अली नवाज जंग, अशा दोन पिढ्यांच्या ज्ञानातून हैदराबादची जलव्यवस्था उभी राहिली.

नदीकाठाचे रूपही पालटले. पुराने मोकळ्या झालेल्या जागेत दगडी काठ बांधले गेले. व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाच्या आराखड्यांनुसार उच्च न्यायालय, सिटी कॉलेज आणि उस्मानिया रुग्णालय या भव्य इमारती नदीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. आज 'निजामी हैदराबाद' म्हणून जे दृश्य डोळ्यांपुढे येते, त्याचा मोठा भाग पुरानंतरचा आहे. मात्र काठावरून उठविलेल्या गरीब कुटुंबांची स्मारके कोठे नाहीत. नगर सुधारणेचा लाभ सर्वांना सारखा झाला असे म्हणता येत नाही, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

या जलाशयांवर आरंभापासून दोन कामे सोपविली गेली. पुरापासून रक्षण करणे हे एक आणि शहराला पिण्याचे पाणी पुरविणे हे दुसरे. ही दोन्ही कामे परस्परविरोधी आहेत. पूर शोषण्यासाठी जलाशय रिकामा हवा, तर पिण्यासाठी तो भरलेला हवा. पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे पुराचा धोका असतानाच, जलाशय भरून घेण्याचा मोह सर्वाधिक असतो. आज उस्मान सागरची साठवण क्षमता सुमारे ३.९ अब्ज घनफूट आणि हिमायत सागरची सुमारे २.९७ अब्ज घनफूट सांगितली जाते. १९०८ चा कमाल विसर्ग तासाला सुमारे दीड अब्ज घनफूट होतो. म्हणजे दोन्ही जलाशय पूर्ण रिकामे असले, तरी तसा लोंढा त्यांना साडेचार तासांत भरून टाकील. जलाशयांनी शहराला मोठे संरक्षण दिले, हे निर्विवाद. परंतु ते संरक्षण अमर्याद नाही आणि ते जलाशय कसे चालविले जातात यावर अवलंबून आहे.

पूर विसरलेले शहर

दोन सागर बांधल्यानंतर अनेक दशके शहराला १९०८ सारखा पूर आला नाही. या शांततेचा परिणाम असा झाला की नदी निरुपद्रवी आहे असे सर्वांना वाटू लागले. वरचे पाणी अडल्याने शहरातील पात्र कोरडे पडले आणि त्यातून सांडपाणी वाहू लागले. कोरड्या पात्रात पुन्हा वस्त्या आल्या, शेती आली, रस्ते आले. मोठे बस स्थानकही पात्रालगत गौलीगुडा येथे उभे राहिले. पुढे मांजरा, कृष्णा व गोदावरीचे पाणी शहराला मिळू लागल्यावर जुन्या जलाशयांचे महत्त्व लोकांच्या मनात आणखी कमी झाले.

त्याच काळात शहराच्या आतील आणि भोवतालचे तलाव बुजत गेले. तलाव उन्हाळ्यात कोरडा असतो तेव्हा त्याची जमीन रिकामी दिसते. प्रथम भराव पडतो, मग भूखंड पाडले जातात, मग वसाहत उभी राहते. अशा ठिकाणी घर घेणारे अनेकदा मध्यम व गरीब वर्गातील असतात. आपण तलावाच्या पोटात राहत आहोत याची त्यांना कल्पना नसते. ती कल्पना पहिल्या मोठ्या पावसात येते.

२४ ऑगस्ट २००० रोजी हैदराबादेत एका दिवसात सुमारे २४० मिलिमीटर पाऊस झाला आणि सखल वसाहती बुडाल्या. या पुराचे स्वरूप १९०८ हून वेगळे होते. पाणी वरून नदीतून आले नव्हते. ते शहरातच पडले आणि नाले अरुंद झाल्यामुळे शहरातच साचले. मुंबईने २६ जुलै २००५ रोजी मिठी नदीच्या काठी हाच अनुभव अधिक भीषण प्रमाणात घेतला. १३ व १४ ऑक्टोबर २०२० रोजी हैदराबादेत पुन्हा अतिवृष्टी झाली. त्या वेळी दोन्ही प्रकार एकत्र आले. हिमायत सागरचे दरवाजे उघडावे लागले, मूसी दुथडी वाहिली आणि जुन्या शहराच्या दक्षिणेकडील तलावांच्या पाळी फुटून खालच्या वस्त्यांत पाणी घुसले. तलाव फुटून वस्ती बुडण्याची १९०८ ची गोष्ट एकशे बारा वर्षांनी, लहान प्रमाणावर का होईना, परत घडली. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस, जवळजवळ त्याच तारखांना, दोन्ही जलाशयांतून तीस हजारांहून अधिक क्युसेक पाणी सोडल्यावर गौलीगुडाच्या बस स्थानकात पाणी शिरले व प्रवासी अडकले. हा विसर्ग १९०८ च्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होता. यावरून नदीची जागा किती आकुंचित झाली आहे याचा अंदाज येतो.

जलाशयांच्या पाणलोटाचे रक्षण करण्यासाठी मार्च १९९६ मध्ये शासकीय आदेश क्रमांक १११ निघाला. दोन्ही सागरांभोवती दहा किलोमीटरच्या पट्ट्यातील ८४ गावांत कारखाने व मोठी बांधकामे यांवर त्याने निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयानेही या जलाशयांच्या रक्षणाची बाजू उचलून धरली. एप्रिल २०२२ मध्ये राज्य सरकारने हे निर्बंध शिथिल केले. जलाशय आता पिण्याच्या पाण्याचा प्रमुख स्रोत राहिलेले नाहीत, हा त्यामागील एक युक्तिवाद होता. पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने तो विचारात घेण्यासारखा आहे. परंतु हे जलाशय मुळात पूर अडविण्यासाठी योजले गेले होते, ही गोष्ट त्यात मागे पडते. पाणलोट क्षेत्रात माती-गवताऐवजी काँक्रीट आले की पाणी मुरण्याचे प्रमाण घटते व ते जलाशयात अधिक वेगाने येते. म्हणजे ज्या प्रदेशातून पूर येतो, तोच प्रदेश पूर वाढविणारा होतो.

समारोप

मूसीच्या पुरावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की अतिवृष्टी टाळता येत नाही, पण तिची हानी वस्तीची जागा आणि जलव्यवस्थेची निगा यांवर ठरते. दुसरा असा की तलावांची साखळी ही एक संपूर्ण व्यवस्था आहे. तिचा एक दुवा बुजविला वा दुर्लक्षित राहिला, तर त्याची किंमत खालच्या सर्वांना मोजावी लागते. तिसरा असा की अभियांत्रिकी उपाय यशस्वी झाला की समाज धोका विसरतो, आणि तो विसर पुढील आपत्तीला वाट करून देतो.

पूर येतो तेव्हा त्याचा पहिला तडाखा नेहमी सखल भागातील लोकांना बसतो. १९०८ मध्ये ती कोलसावाडी होती; २०२० मध्ये तलावांच्या पोटातील वसाहती होत्या. म्हणून हा विषय केवळ भूगोलाच्या परीक्षेपुरता नाही. नदीकाठी वाढलेल्या प्रत्येक शहरातील शाळांनी आपल्या परिसराचा जुना नकाशा विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, कोणत्या मोहल्ल्याच्या नावात तलाव दडला आहे ते त्यांना शोधायला लावावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून पुराच्या आठवणी लिहून घ्याव्यात. घर घेण्याची वेळ येईल तेव्हा ही माहिती त्यांच्या उपयोगी पडेल. विश्वेश्वरय्या यांनी १९०९ मध्ये आधी तलाव मोजले आणि मग उपाय सांगितला. तीच मोजणी आज पुन्हा करण्याची गरज आहे.